पोटगीची थकबाकी आणि पासपोर्ट



कामगारांच्या थकलेल्या पगारासाठी भांडण्यात आमचे आयुष्य गेले. तेव्हा मुलांच्या थकलेल्या पोटगीवर आज आम्ही बोलायला उभे राहिलो, तर नवल मानू नये. पगार बुडविणाऱ्या मालकाला आपण लबाड म्हणतो. मग पोटच्या पोराचा घास बुडविणाऱ्याला काय म्हणावे?

अमेरिकेने या प्रश्नावर एक निराळाच उपाय काढला आहे. १९९६ सालच्या कायद्याने तेथे असे ठरले की, ज्याच्याकडे मुलाच्या पोटगीची थकबाकी ५,००० डॉलरच्या वर गेली, त्याला पासपोर्ट देऊ नये. ऑक्टोबर २००६ पासून ही मर्यादा २,५०० डॉलरवर आली. राज्याचे पोटगी-खाते थकबाकीदाराचे नाव मध्यवर्ती सरकारला कळविते; तेथून ते परराष्ट्र खात्याकडे जाते. नवा पासपोर्ट नाकारावाच लागतो. हाती असलेला रद्दही करता येतो. देणे आईकडे असेल, तर हेच बंधन आईवर.

कोणी म्हणेल, ही स्वातंत्र्याची गळचेपी झाली. आक्षेप पोकळ नाही. प्रवासाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच भाग आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली म्हटले. परदेशी जाण्याच्या हक्काविषयी आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ साली मनेका गांधी खटल्यात तोच कौल दिला. तरीही २००२ साली तेथील एका अपील न्यायालयाने पोटगीचे हे बंधन वैध ठरविले. आम्हांलाही ते पटते. विमानाच्या तिकिटाला पैसे आहेत आणि मुलाच्या दुधाला नाहीत, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

शिवाय तुरुंगापेक्षा हा मार्ग बरा. आपल्याकडे पोटगी थकविणाऱ्याला महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. पण गजाआडचा माणूस कमावणार काय आणि देणार काय? पासपोर्ट अडविला, तरी त्याचे हात मोकळे राहतात.

मात्र जहाजावरचा खलाशी घ्या, सरहद्दीपलीकडे माल नेणारा ट्रकवाला घ्या. त्यांचा पासपोर्ट म्हणजे त्यांचे हत्यारच. ते काढून घेतले, तर पगार बंद आणि पगाराबरोबर पोटगीही बंद. त्यात १९८६ पासून तेथे असा नियम आहे की, एकदा थकलेला हप्ता न्यायालयालाही मागाहून कमी करता येत नाही. नोकरी जाताच जो हप्ता कमी करण्याचा अर्ज करीत नाही, त्याच्या डोक्यावर कर्ज चढतच जाते. थकबाकी २,५०० च्या खाली आणली म्हणून नावही आपोआप सुटत नाही. ते सोडायचे की नाही, हे राज्याच्या हाती.

म्हणून देत नाही तो आणि देऊ शकत नाही तो, यांत फरक केलाच पाहिजे. पहिल्याला दयामाया नको. दुसऱ्याला कामावर टिकू द्यावे, हप्ता बांधून द्यावा आणि तो पगारातूनच वळता करावा. अमेरिकेत पगारातून पोटगी कापण्याची पद्धत आहेच. तीवर अधिक भर हवा.

कामगार चळवळीनेही हे ध्यानात घ्यावे. मजुरीवर पहिला हक्क मजुराचा, हे आम्ही छातीठोकपणे सांगतो. त्या मजुरीत त्याच्या लेकराचाही वाटा आहे, हे तितक्याच छातीठोकपणे सांगितले पाहिजे.