कंसातलं ‘ऐच्छिक’
(पुण्यात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



सांडलेल्या रक्ताबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज चार थेंबांबद्दल बोलायचंय. तान्ह्या पोराच्या टाचेतल्या.

गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. तिच्यातून थायरॉक्सिन पाझरतं आणि पहिली दोन-तीन वर्षं पोराचा मेंदू त्याच्यावर वाढतो. काही पोरं ही ग्रंथी नसलेलीच जन्मतात. काहींना असते, पण काम करत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं मुंबईसह पाच शहरांत लाखावर बाळं तपासली, तेव्हा साधारण १,१३० मागे एक सापडलं.

आणि हे पोर जन्मतं ठणठणीत. आईकडून थोडं थायरॉक्सिन मिळालेलं असतं ना. रडत नाही, झोपून राहतं. शेजारीण म्हणते, बाई गं, किती गुणी तुझं बाळ! मग कावीळ रेंगाळते, शी अडते, आवाज घोगरा होतो, जीभ बाहेर येते. हे सगळं ओळखू येईतो महिने गेलेले असतात आणि मेंदूचं गेलेलं परत येत नाही. वस्ती नाव ठेवते, येडं. म्हातारी सांगते, गेल्या जन्मीचं पाप. कसलं डोंबलाचं पाप! ह्याच जन्मी, पहिल्या पंधरवड्यात तपासणी करून गोळी सुरू करायची होती. ती कुणी केली नाही. गेला जन्म काढला की ह्या जन्मातल्या कुणालाच जाब द्यावा लागत नाही.

तपासणीत अवघड काही नाही. जन्मानंतर ४८ तास उलटले की टाचेच्या कडेला टोचायचं, जाड टिपकागदावरचे गोल रक्तानं भरायचे, सावलीत वाळवायचे, पाकिटात घालून प्रयोगशाळेत धाडायचे. त्याआधी घेतलं तर आकडा उगाच चढलेला दिसतो. पण बाळंतिणीला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं तर? मग जन्मतानाच नाळेतलं रक्त घेता येतं. म्हणजे त्यालाही तोड आहे. आजार पक्का ठरला की रोज थायरॉक्सिनची गोळी, कुस्करून, आईच्या दुधात. दिवसाचा खर्च कटिंग चहापेक्षा कमी. (आयोडीनचं मीठ खाऊन भागेल म्हणणारे भेटतील. जी ग्रंथीच नाही, ती मिठानं उगवत नाही.)

वाळलेल्या रक्ताची ही युक्ती अमेरिकेत रॉबर्ट गथ्रीनं १९६० च्या सुमारास दुसऱ्या एका आजारासाठी काढली. थायरॉईडसाठी ती १९७० नंतर कॅनडातल्या क्वेबेकमध्ये वापरली गेली. आणि लांब कशाला, मुंबईत डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिपकागदावर हजारो बाळं तपासून १९९४ मध्ये निष्कर्ष छापले. गोव्यानं २००८ मध्ये सरकारी योजना सुरू केली. तेव्हा ‘आपल्याकडे ज्ञान नव्हतं’ हे कुणी सांगू नये.

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. कुठं? आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला. तीस आजारांची यादी केली. शेवटी थायरॉईडचा हा आजार, सिकलसेल आणि थॅलेसेमिया, आणि पुढं कंसात एक शब्द: ऐच्छिक. सिकलसेल कुणाच्या रक्तात आहे, ते विदर्भातल्या आपल्या माणसांना विचारा. ऐच्छिक म्हणजे कुणाच्या इच्छेवर? खाजगी इस्पितळात पैसे मोजले की तपासणी होते. तिथं इच्छा खिशात असते. भवानी पेठेतल्या, ताडीवाला रोडच्या बाईनं ती कुठून आणायची?

आता आपल्या कामाचं. कार्डावर बाळाचं नाव नसतं, आईचं असतं. रिपोर्टमध्ये गडबड निघाली की दवाखाना तिला परत बोलावतो. ती माहेरी गेलेली, खोली बदललेली, फोन नवऱ्याचा आणि तो बंद. तपासणी झालेलं पोरही असं हातचं जातं. पण कोणती बाई कुठल्या गल्लीतून कुठल्या इमारतीत गेली, हे मंडळाच्या कट्ट्यावर बसणाऱ्या पोरांना ठाऊक असतं. ते काम दवाखान्याच्या चपराशाला जमत नाही, तुम्हाला जमतं.

तेव्हा प्रसूतिगृहात जा आणि विचारा. टाचेचं रक्त घेता का? नाळेचं तरी? रिपोर्ट किती दिवसांत येतो? पंधरा दिवसांच्या आत येतो का? परत बोलावलेल्या बाया आल्या का, आणि न आलेल्यांच्या घरी कोण गेलं?