आधी हौदात हात घाला

आजपासून माझे सहकारी झालेल्या तरुण डॉक्टरांनो, कामाचं बोलतो.

आपलं परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 सालचं. मी परळला शिकलो, पण घडलो जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांत. एका मे महिन्यात तिथल्या एका मालकाचं बोलावणं आलं. म्हशींचं दूध आटलं होतं. "साहेब, कॅल्शियम लावा," म्हणाला. पाणी पाजलं का विचारलं, तर "हौद भरलाय की!" भरलेला होता खरा. एका म्हशीने नाक लावलं, फुरफुरली आणि मान फिरवली. मी हात घातला तर हात ठेववेना. पत्र्यावरची काळी टाकी सकाळपासून उन्हात तापत होती. टाकीवर ओली गोणपाटं टाकायला लावली, हौद उपसून ताजं पाणी सोडलं. कॅल्शियमची बाटली उघडलीच नाही. चार-सहा दिवसांत दूध पूर्ववत झालं. आणि मालक म्हणाला, "सुई टोचली नाहीत, मग फी कसली?"

आपल्या व्यवसायाचं हे जुनं दुखणं. सुईला पैसे आहेत, सल्ल्याला नाहीत. मालकाला तरी काय बोलावं? मी ज्या कार्यालयात होतो तिथल्या मासिक अहवालात लसीकरण, कृत्रिम रेतन, जंतनाशक, सगळ्याला रकाना होता, पाण्याला नव्हता. मी तो सुचवला. उत्तर आलं, पाणी हा आपल्या खात्याचा विषय नाही. त्या उत्तराचा मला आजही संताप येतो.

विषय कुणाचा मग? थंडीत जेवढं पाणी जनावराला पुरतं, त्याच्या दुपटीच्या आसपास ते कडक उन्हाळ्यात पितं. पाणी कमी पडलं की आधी वैरण सुटते, मग दूध आणि वजन घटतं. हिरव्या पॅरा घासात बहुतांश पाणीच असतं. कडब्यावरच्या जनावराला ते सगळं हौदातून भरून काढावं लागतं. त्यात म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कितीतरी कमी. आणि मुंबईची हवा दमट. घाम वाळत नाही, धापेनेही अंग पुरेसं निवत नाही. पारा तेहतिशीच्या वर गेला नाही म्हणून इथे निर्धास्त राहू नका.

1949 मध्ये गोरेगावची आरे दुग्ध वसाहत उभी राहिली तेव्हा काम ही जाण असलेल्या माणसांच्या हाती होतं. त्या वसाहतीमागच्या दारा खुरोडींनी शहरातल्या कोंदट तबेल्यांतून म्हशी बाहेर काढल्या. आरेला पवईच्या तलावाचं पाणी मिळालं. खुरोडींना 1963 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण आज किती जणांना त्यांचं नाव आठवतं?

भोवती पाणीच पाणी असूनही जनावर तहानलेलं राहतं, हे 26 जुलै 2005 च्या पुराने दाखवलं. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. उपनगरांतल्या कितीतरी म्हशी दावणीलाच बुडून मेल्या. दुसऱ्या दिवशी मी गेलो तो तबेला गुडघाभर पाण्यात होता आणि वाचलेली जनावरं तहानलेली. वीज नाही, पंप बंद, भोवतीचं पाणी मैल्याचं. लोक माझ्याकडे इंजेक्शनं मागत होते, मी टँकर मागत होतो.

तुमच्यापैकी काही जण देवनारच्या कत्तलखान्यात कामाला जातील. लांबून ट्रकमधून आलेल्या म्हशी-रेड्यांना उतरल्याबरोबर पाणी मिळतं की नाही ते स्वतः उभं राहून बघा. मांसासाठी आणलेल्या जनावरालाही तहान लागते, आणि तिची जबाबदारी डॉक्टरवर आहे.

एवढंच मागतो. थर्मामीटर काढण्याआधी हौदात हात घाला. पाणी गरम आहे का, शेवाळलंय का, दाव्याची लांबी तिथवर पुरते का, रात्री हौद कोरडा पडतो का, हे बघा आणि केसपेपरवर लिहा. रकाना नसेल तर समासात लिहा, पण लिहा.