नर्सिंगची परीक्षा आणि खाटेशेजारचा अभ्यास

(जबलपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रेल्वे आणि टपाल खात्यातल्या घरांतून आज मुली, आणि आता मुलगेही, नर्सिंगकडे वळत आहेत. त्यांचे आईवडील आम्हा परिचारिकांना भेटले की विचारतात, "ताई, परीक्षेसाठी कोणते गाईड घ्यावे?" आम्ही त्यांना उलट विचारतो, "मुलीने आजवर पेशंट किती पाहिले?"

आधी परीक्षा कोणत्या, ते समजून घेऊ. आपल्याकडे जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग उत्तीर्ण झाल्यावर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. ती नोंदणी हेच लायसन्स. नोकरीसाठी पुन्हा स्पर्धा परीक्षा आहेच. रेल्वे भरती मंडळाच्या २०२४ च्या जाहिरातीत नर्सिंग सुपरिंटेंडंटच्या ७१३ जागा होत्या. ९० मिनिटांत १०० प्रश्न, त्यांतले ७० नर्सिंगच्या ज्ञानावर, आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापायचा, असा तिचा आराखडा होता. अमेरिकेत काम करायचे तर एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा द्यावी लागते. ती १९९४ पासून संगणकावर होते. १ एप्रिल २०२३ पासून तिच्यात एकेका रुग्णाची पूर्ण हकिगत देऊन त्यावर सहा-सहा प्रश्न विचारले जातात. प्रश्न नुसत्या व्याख्येचे राहिलेले नाहीत. 'अशा वेळी तुम्ही आधी काय कराल?' असे ते विचारतात.

एक नमुना पाहा. रुग्णाला रक्त चढवणे सुरू होऊन दहा मिनिटे झाली. त्याला थंडी वाजू लागली, कंबर दुखते, श्वास लागतो. आधी काय कराल? डॉक्टरांना बोलवाल, ताप पाहाल, रक्त थांबवाल, की पांघरूण घालाल? चारही कामे करण्यासारखीच आहेत, म्हणून पाठांतर करणारा इथे अडखळतो. उत्तर आहे, आधी रक्त थांबवणे. रक्त न जुळणारे असेल तर पुढचा प्रत्येक थेंब अपाय वाढवणार. मग नळी बदलून सलाईनने शीर चालू ठेवायची, डॉक्टरांना कळवायचे, नाडी-रक्तदाब पाहायचा आणि ती पिशवी रक्तपेढीकडे परत पाठवायची.

दुसरा नमुना. प्रसूतीनंतर रक्तस्राव वाढला आहे आणि पोटावरून गर्भाशय मऊ लागते. मदतीला हाक मारत लगेच गर्भाशयाला मसाज सुरू करायचा, ते घट्ट होईपर्यंत. पण घट्ट म्हणजे किती आणि मऊ म्हणजे कसे, हे कोणते गाईड सांगणार? ते हातालाच कळावे लागते.

हे आपल्याला नवे नाही. नियमांचे पुस्तक पाठ आहे म्हणून लोको पायलटच्या हाती कोणी गाडी देत नाही. आधी त्या मार्गावर फिरून सिग्नल, चढ-उतार, वळणे ओळखावी लागतात, तेव्हा तो त्या सेक्शनसाठी पात्र ठरतो. वॉर्ड हा आमचा सेक्शन आहे.

आता याच जबलपूरची गोष्ट. राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांचा कारभार कागदावरच चालतो, अशी तक्रार इथल्या उच्च न्यायालयात जनहित याचिकेतून गेली. न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने तपास केला. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या अहवालात ३०८ पैकी १६९ कॉलेजे योग्य, ७४ मध्ये उणिवा आणि ६५ अपात्र ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात तपासातल्याच काही अधिकाऱ्यांना लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक झाली, आणि योग्य ठरलेल्या कॉलेजांचीही फेरतपासणी करण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. या सगळ्या काळात परीक्षा रखडल्या. २०२० साली प्रवेश घेतलेल्या मुलांची वर्षे गेली, फी मात्र आईबापांनी भरलेली होती.

प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन फी भरणाऱ्या आपल्या माणसांनी यातून काय घ्यावे? प्रवेशाआधी कॉलेजची इमारत पाहू नका, त्याचे रुग्णालय पाहा. सकाळी अकरा वाजता जा आणि किती खाटांवर खरोखर रुग्ण आहेत ते मोजा. शिकणाऱ्या मुलींना विचारा, आठवड्यात किती दिवस वॉर्डात असता? त्या वर्षाची मान्यता कौन्सिलच्या यादीत आहे का, तेही पाहा. ज्या कॉलेजात रुग्णच नाहीत, तिथल्या मुलीला मऊ आणि घट्ट यांतला फरक कोण शिकवणार?

जी मुले आज तयारी करत आहेत त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. वॉर्डातून आल्यावर त्या दिवशी पाहिलेल्या एका रुग्णावर स्वतः एक प्रश्न लिहा, चार पर्यायांसह. रुग्णाचे नाव मात्र लिहू नका. चुकलेल्या उत्तरांची वही ठेवा आणि कारण नोंदवा : माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, की क्रम चुकला? तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. रोज एक हिशेब करा. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचे, नळीतून एका मिलीला २० थेंब पडतात, तर मिनिटाला ४२ थेंब. तीन-चार जणी मिळून बसा. एकीने रुग्ण व्हावे, दुसरीने विचारावे, तिसरीने चूक पकडावी.

संघटनेकडेही आमची मागणी आहे. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये रात्रपाळीहून आलेला बाप झोपलेला असतो, तिथे चौघींनी मोठ्याने अभ्यास कसा करावा? संध्याकाळी दोन तास इन्स्टिट्यूटची किंवा युनियन ऑफिसची एक खोली या मुलांना द्या. आमच्यापैकी ज्यांची ड्यूटी नसेल त्या येऊन बसतील, एक पैसा न घेता.

बंधू-भगिनींनो, उद्या तुमच्यापैकी कोणी अपघाताने रुग्णालयात आणला जाईल, तेव्हा खाटेशेजारी जी उभी असेल तिला किती गुण मिळाले होते हे तुम्ही विचारणार नाही. रक्त कधी थांबवायचे हे तिला ठाऊक असले पाहिजे. आपल्या मुलींना तेवढे शिकता येईल अशी सोय आपण करू या. खोलीच्या किल्लीचा निर्णय आजच्याच सभेत व्हावा, एवढे सांगून आमचे भाषण संपवतो.