विजेच्या सायकलीवरून डॅन्यूबकाठी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला युरोपच्या सहलीवर बोलावयास सांगितले, तेव्हा मी म्हटले, "अहो, मी अजून गेलेच नाही, तर बोलू काय?" त्या म्हणाल्या, "जाऊन आलेल्या सगळ्याच बोलतात. जायची तयारी कशी करतात ते कुणी सांगत नाही. ते तुम्ही सांगा." म्हणून आज आपल्यापुढे उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. घरात बोलते तसेच बोलणार आहे, तेवढे गोड करून घ्यावे.

आमचा बेत असा आहे. माझे धाकटे दीर आणि जाऊ म्युनिकला असतात. येत्या जूनमध्ये ती दोघे आणि आम्ही दोघे मिळून जर्मनीतल्या पासाऊ गावापासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलवरून जावयाचे. तिकडे या नदीला डोनाऊ म्हणतात. अंतर सुमारे ३२५ किलोमीटर. आकडा ऐकून आपण हसलात, तशी मीही प्रथम हसलेच. जिचा उजवा गुडघा दोन जिने चढताना कुरकुरतो, तिने ३२५ किलोमीटर सायकल कशी मारावी? त्याचे उत्तर म्हणजे विजेची सायकल.

या सायकलीविषयी आपल्याकडे बराच गैरसमज आहे. ती स्कूटर नव्हे. पायडल मारले तरच तिची मोटर मदत करते, पाय थांबले की मोटरही थांबते. युरोपच्या कायद्याप्रमाणे साध्या विजेच्या सायकलीची मोटर २५० वॅटची असते, आणि ताशी २५ किलोमीटरचा वेग आला की मदत बंद होते. आपल्या स्वयंपाकघरातला मिक्सर ५०० वॅटचा असतो. म्हणजे ही मोटर त्याच्या निम्मी. ती आपल्याला ओढून नेत नाही, चढावर पाठीमागून हात लावल्यासारखे करते, एवढेच.

तिची बॅटरी साधारण ५०० वॅट-अवरची असते. हा शब्द मला आधी कळेना. मग आमच्या चिरंजीवांनी सांगितले, "आई, म्हणजे अर्धा युनिट." हजार वॅटची इस्त्री अर्धा तास चालविली की जेवढी वीज जळते, तेवढ्या विजेत दिवसभराची पन्नास किलोमीटरची मदत मिळते. मात्र ती जपून वापरावी लागते. मदतीच्या पायऱ्या असतात, आणि सगळ्यांत वरची पायरी धरून बसले की बॅटरी दुपारीच संपते. चढ, समोरचा वारा, थंडी आणि जास्त ओझे यांनीही ती लवकर उतरते. मोठ्या आचेवर दूध ठेवून आपण दुसरीकडे जात नाही, तसेच हे. मुक्कामाला पोचले की बॅटरी काढून खोलीत न्यावयाची आणि रात्रीतून भरून घ्यावयाची.

ही सायकल इथून नेता येत नाही. १६० वॅट-अवरपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात घेऊच देत नाहीत, सामानात नाही आणि हातातही नाही. म्हणून सायकली तिथेच भाड्याने घ्यावयाच्या. बॅटरीसकट वजन वीस-पंचवीस किलो भरते, तेव्हा उंच दांड्याची न घेता खाली वळलेल्या दांड्याची घ्यावी, असे जाऊबाईंनी कळविले आहे. आपण जिला लेडीज सायकल म्हणतो, तीच. तिकडे त्यावरून पुरुषही जातात. त्यामुळे आमच्या घरातील एका मोठ्या वादाचा निकाल आपोआप लागला.

आता वाट. डॅन्यूबचीच वाट का, तर तिथे नदी वाहते त्याच अंगाने जावयाचे असते, म्हणजे उतार आपल्या बाजूचा. वाराही बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे पाठीवरचा. फ्रान्समधल्या अटलांटिक समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा 'युरोव्हेलो ६' नावाचा लांब सायकलमार्ग आहे, त्यातलाच हा एक तुकडा. बहुतेक वाट मोटारींपासून वेगळी आहे. माझ्यासारख्या बाईला हे फार मोठे. आपल्या सांगली-मिरज रस्त्यावर सायकल चालवून जी घरी सुखरूप येते, तिला डॅन्यूबकाठ कठीण जाऊ नये. फक्त तिकडे वाहने उजव्या हाताने चालतात, ते मात्र डोक्यात पक्के बसविले पाहिजे.

मुक्काम मी वहीत मांडले आहेत. पहिल्या दिवशी पासाऊहून श्लोगेन, सुमारे ४२ किलोमीटर. तिथे डॅन्यूब डोंगराला अडून उलटी वळते. दुसऱ्या दिवशी लिंझ, ५५. तिसऱ्या दिवशी ग्राइन, ६०. चौथ्या दिवशी मेल्क, ५०. पाचव्या दिवशी वाखाउ खोऱ्यातून क्रेम्स, ३६. सहावा दिवस विश्रांतीचा. सातव्या दिवशी टुल्न, ४५, आणि आठव्या दिवशी व्हिएन्ना, ३८. सर्वांत लांब मजल पहिल्याच दिवशी ठेवावयाची नाही आणि मध्ये एक दिवस रिकामा सोडावयाचा, हे दोन नियम मी सोडले नाहीत. गुडघ्याने अगदीच असहकार पुकारला, तर मेल्क ते क्रेम्स नदीतून बोट चालते, तीत सायकलही घेतात. आगगाडीचीही सोय आहे, सायकलीचे तिकीट वेगळे काढावे लागते. परतीची वाट माहीत असली की माणूस पुढे निर्धास्त जातो.

सामान आम्ही पाठीवर घेणार नाही. सकाळी पेटी खाणावळीत ठेवावयाची आणि संध्याकाळी ती पुढच्या मुक्कामी हजर, असे काम करणारे लोक तिथे आहेत. हे ऐकून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर दिंडीसारखेच झाले. सामानाचा ट्रक पुढे, माणसे मागून." त्यांनी सात वाऱ्या पायी केल्या आहेत. खरे सांगते, घरात सगळ्यांत आधी हा बेत कळला तो त्यांनाच. सायकलीवर नेसू काय, असे मी विचारले तर म्हणाल्या, "नऊवारी नेस. कासोटा कशासाठी असतो?" मी सलवार-कमीजच नेणार आहे, पण त्यांचे म्हणणे खोटे नाही.

वाटेत पाहावयाचे ते पुष्कळ आहे, सगळे सांगत बसत नाही. मेल्कचा पिवळ्या रंगाचा मोठा मठ आहे. वाखाउमध्ये विलेनडॉर्फ नावाचे खेडे आहे. तिथे १९०८ साली एका स्त्रीची दगडी मूर्ती जमिनीत सापडली. उंची अवघी ११ सेंटिमीटर, आणि वय सुमारे तीस हजार वर्षे. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. ती अंगाने चांगली भरलेली आहे, हे मी मुद्दाम सांगून ठेवते. याच खोऱ्यात जर्दाळूच्या बागा आहेत. सबंध जर्दाळू आत घालून पिठाचा गोळा उकळत्या पाण्यात शिजवितात आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवितात. आपल्या उकडीच्या मोदकाची ही दूरची बहीणच म्हणावयाची. अंडे न खाणाऱ्यांनी मात्र आधी विचारून घ्यावे, कारण पिठात बहुधा अंडे असते.

आणि एक जागा आनंदाची नाही, पण टाळावयाची नाही. लिंझच्या पुढे माउटहाउझेन लागते. १९३८ ते १९४५ पर्यंत तिथे नाझींची छळछावणी होती. जवळजवळ १,९०,००० माणसे तिथे आणि तिच्या शाखांत कोंडली गेली, त्यांपैकी निदान ९०,००० मेली. कैद्यांना दगडाच्या खाणीतून १८६ पायऱ्या चढून धोंडे वाहावे लागत. आम्ही तिथे सायकली बाहेर लावून दोन तास थांबणार आहोत. सुंदर नदीच्या काठी माणसे काय करू शकतात, हे पाहिले नाही तर सहल अपुरी राहील.

पुराचेही बघावे लागते. पासाऊत तीन नद्या मिळतात, आणि जून २०१३ मध्ये तिथे पाणी १२.८९ मीटरवर गेले होते. नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या खुणा साल घालून कोरल्या आहेत. आपल्या गावाने २००५ आणि २०१९ पाहिले, तेव्हा या खुणा वाचावयास आपल्याला दुभाषा नको. निघण्याआधी आठवडाभर तिथल्या पाण्याची बातमी मी रोज पाहणार आहे.

आता कागदपत्रे. शेंगेन व्हिसा एकच, पण अर्ज कुणाकडे करावयाचा यात पुष्कळजण फसतात. पहिले पाऊल जिथे पडेल तिथे नव्हे, तर ज्या देशात जास्त दिवस राहावयाचे त्याच्याकडे. आमच्या चौदा रात्रींपैकी पाच जर्मनीत आणि नऊ ऑस्ट्रियात, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. जूनमध्ये जावयाचे तर सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो. निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो, पण इतके थांबू नये. शुल्क ११ जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो झाले आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. प्रवासविमा निदान ३०,००० युरोचा लागतो. ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते. म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत खोल्या अशाच ठरवाव्यात, की ज्या रद्द करता येतील.

खाण्याचे सांगते, कारण आपण सगळ्या पिशवीपासूनच सुरुवात करतो. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे बाहेरून नेऊ देत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या, सगळे घरीच. आंब्याची पेटीही नको, ताज्या फळांना सरकारी दाखला लागतो. मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी न्यावी. रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच पाव, फळे, दही घेऊन ठेवावे.

खर्च दोघांचा पावणेपाच लाख धरला आहे. विमान दीड लाख, खोल्या एक लाख दहा हजार, सायकली पन्नास हजार, खाणे पंचेचाळीस हजार, सामान, आगगाडी व तिकिटे चाळीस हजार, व्हिसा-विमा तीस हजार, आणि अडीअडचणीला पन्नास हजार. हे माझे टाचण आहे, भाव वरखाली होतील. यातले दोन लाख अकरा वर्षांच्या दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींतले आहेत. एका बाईंनी मला तोंडावर विचारले, "एवढ्यात मुलीच्या लग्नाचे सोने झाले असते, नाही का?" झाले असते. मुलीच्या शिक्षणाचे पैसे आम्ही वेगळे ठेवले आहेत, आणि त्यांना हात लावलेला नाही. पण चकलीच्या सोऱ्याने जी मनगटे दुखली ती माझी होती, तेव्हा त्या दोन लाखांचे काय करावे हे मी ठरविले, यात मला गैर वाटत नाही.

आणखी एक कारण आहे. आमच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा नऊ किलोमीटरवर. घरात सायकल एक आणि शिकणारी मुले दोन. सायकल दादाला मिळाली. वडिलांना मी बोल लावीत नाही, मुलीला एकटीला त्या रस्त्याने कुणीच धाडीत नसे. दादा जेवावयास बसला की त्याची सायकल घेऊन मी अंगणाबाहेर कैचीने चालवी, तेवढेच माझे शिकणे. तेव्हापासून कुठलेही अंतर ऐकले की मी मनात त्याला नवाने भागते. रोजचे पंचेचाळीस किलोमीटर म्हणजे पाच शाळा. विजेच्या मदतीने का होईना, आठ दिवसांत छत्तीस वेळा मी तेवढी वाट जाणार आहे.

डॉक्टरांना विचारूनच हे सर्व चालले आहे. सायकलीवर शरीराचा भार बैठकीवर असतो, गुडघ्यावर कमी पडतो, पण बैठक योग्य उंचीवर हवी आणि जड पायडल दाबत बसू नये, असे त्यांनी बजावले. म्हणून तीन महिन्यांपासून पहाटे साडेपाचला साध्या सायकलीवर आमचा सराव सुरू आहे. आरंभी चार किलोमीटर, आता अठरा. ह्यांना माझ्या मागे राहण्याची सवय होत आहे, तीही तयारीचाच भाग आहे. डोक्याला शिरस्त्राण दोघांनाही, त्यात तडजोड नाही.

सासूबाईंकडे पंधरा दिवस माझी धाकटी बहीण येऊन राहील. औषधांच्या वेळा भिंतीवर लावल्या आहेत, आणि बहिणीने आठ दिवस आधीच यावे असे ठरले आहे. हे नीट झाले नसते, तर बाकीची सगळी वही मी मिटून ठेवली असती.

आपल्यापैकी पुष्कळजणी म्हणतील की हे आम्हांला कसे जमणार? युरोपचे सोडून द्या. आपल्या मंडळात सायकल चालविणाऱ्या आम्ही चौघीच आहोत. एरवी येणारी एखादी भगिनी लाजून सांगत नसेल. मंडळापाशी माझी विनंती आहे की रविवारी सकाळी तासभर शाळेचे मैदान मागून घ्यावे, आणि ज्यांना शिकावयाचे आहे त्यांना आम्ही चौघींनी शिकवावे. सायकली दोन आहेत, तिसरी माझी. वयाची अट नको, आणि पडल्यावर हसणाऱ्यांना प्रवेश नको.

जूनमध्ये व्हिसा मिळाला तर जाऊन येईन आणि खरे काय झाले ते पुढच्या वर्षी सांगेन.  रविवारच्या वर्गासाठी नावे देणाऱ्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे. वही बरोबर आणली आहे.