राखेखालचा निखारा

दीपनगरच्या वसाहतीतली, औष्णिक केंद्रात पाळीवर जाणारी मंडळी आणि त्यांच्या घरची माणसं हे ऐकत असतील. आज मी खाजेवर बोलणार आहे. त्यातही मुख्यतः एकाच गोष्टीवर: चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेली मलमाची ट्यूब.

आपल्या खानदेशात पारा 45 अंशांच्या वर जातो. अंगभर घाम, पायात जाड बूट, कमरेला पट्टा. मग जांघेत, कमरेवर नायटा उठतो. गोल चट्टा, कडा उंच आणि लाल, मधली कातडी बरी झाल्यासारखी. ही बुरशी. आपण ट्यूब आणतो, दोन दिवसांत खाज थांबते आणि आपण खूश होतो. पण अशा अनेक ट्यूबांत बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज थांबवली ती त्यानं.

हिवाळ्यात शेतात भरिताची वांगी भाजताना पऱ्हाट्या जळून वर राख बसते. वरून सगळं विझल्यासारखं दिसतं, पण आत हात घालायची कुणाची हिंमत नसते. स्टेरॉइड म्हणजे ती राख. ट्यूब थांबवली की वारा सुटतो, राख उडते आणि तोवर निखारा शेजारच्या काडीकचऱ्यापर्यंत पोचलेला असतो. मग आपण काय करतो? आणखी राख टाकतो! असं महिनोन् महिने चाललं की जांघेतली कातडी पातळ होते, तिच्यावर पट्टे उमटतात, आणि ते पट्टे पुसले जात नाहीत.

2018 साली सरकारनं त्वचेवर लावायची 14 स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, ती उगीच नाही. त्यात भर म्हणजे, 2020 साली जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांत सापडलेल्या एका बुरशीला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं नाव दिलं. टर्बिनाफिनसारख्या नेहमीच्या औषधालाही ती अनेकदा दाद देत नाही. म्हणून डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध घ्या. चट्टा दिसेनासा झाला म्हणून मध्येच सोडू नका. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा, आतले कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवा. ऊन तर आपल्याकडे फुकट आहे.

आता खरूज. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर पुरळ दिसतो, घरात दोघं-तिघं खाजवत असतात. ही किड्याची करामत. परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं आणि आठवड्यानं पुन्हा. तान्ह्या बाळाचं मात्र डॉक्टरांना विचारून. एकाला खाज नाही म्हणून त्याला वगळलं, तर किडा त्याच्याकडून परत येतो. किडे मेल्यावरही खाज दोन-तीन आठवडे राहू शकते, तेव्हा घाबरून मलम रोज चोपडू नका. इथंही तीच राख घातली, तर खरूज ओळखणं आम्हा डॉक्टरांनाही अवघड जातं.

इसबाबद्दल, घामोळ्यांबद्दल बोलायचं होतं, पण वेळ संपत आला. तेव्हा पुन्हा तेच सांगतो, कारण विसरलं जातं तेच. ताई, दादा, आज घरी गेल्यावर कपाटातली ती अर्धी पिळलेली ट्यूब काढा. तिच्यावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं स्टेरॉइडचं नाव लिहिलंय का, ते वाचा. लिहिलं असेल, तर शेजाऱ्याला देऊ नका, लेकराला लावू नका. ती ट्यूब हातात घेऊन डॉक्टरकडे जा.