कलेला दाद, कलावंताला भाकरी



किहीमच्या या किनाऱ्याशी एका थोर पुरुषाचे नाव जोडलेले आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली १९३० साली जर्मनीतील अभ्यास आटोपून मुंबईस परतले, तेव्हा निधीअभावी त्यांची संग्रहालयातील जागाच रद्द झाली होती. हाती काम नाही, अशा अवस्थेत ते पत्नी तेहमिना यांच्यासह किहीम येथील घरी येऊन राहिले. येथेच त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे बारकाईने निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखते, पसंत पडले तरच ते पूर्ण होते आणि मग नर दुसरे घरटे विणावयास घेतो, हे त्यांनी येथे टिपून ठेवले. बेकारीचे ते दिवस वाया गेले नाहीत.

या घटनेतील एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. सालिम अलींपाशी बुद्धी होतीच. पण डोक्यावर छप्पर आणि पाठीशी कुटुंबाचा आधारही होता. त्यांना वेळ मिळाला. आज याच परिसरातील गरीब घरच्या तरुणाच्या बोटांत कला असली, तरी तो कोणाच्या बंगल्यावर माळी वा राखणदार होतो. कातकरी कुटुंबातील मुलगा आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर जातो. "चित्रे काढून पोट भरणार आहे काय?" असा प्रश्न वडीलधारी माणसे विचारतात. तो निष्ठुर वाटला तरी चुकीचा नाही. त्याला उपदेशाने नव्हे, तर व्यवस्थेने उत्तर दिले पाहिजे.

असे उत्तर याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, डहाणू तालुक्यात मिळाले. वारली समाजात लग्नप्रसंगी सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे मात्र पुरुष असूनही नित्य चित्रे काढीत. १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने त्यांचे सामर्थ्य ओळखले. कुलकर्णींनी कौतुक करून निरोप घेतला नाही; त्यांनी वारली कलावंतांच्या हाती कागद आणि रंग दिले व ती चित्रे शहरातील रसिकांपर्यंत नेली. १९७५ साली म्हसे यांचे मुंबईत प्रदर्शन झाले, १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि २०११ साली पद्मश्री. २०१८ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे पुत्रही चित्रकार म्हणून नावारूपास आलेले होते.

परंतु याच कथेची दुसरी बाजू कापडाच्या पेठेने पाहिली आहे. वारली आकृत्या साड्यांवर, चादरींवर, कुर्त्यांवर यंत्राने छापल्या गेल्या. थानामागून थाने खपली. मूळ चित्रे काढणाऱ्या पाड्यावर त्यातले काय पोहोचले? २०१४ साली वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची बाब होय. तथापि मानांकन नावाचे रक्षण करते. कलावंताची मजुरी ग्राहकाने व व्यापाऱ्यानेच चुकती करावयाची असते. दाद मिळाली आणि दाम मिळाला नाही, तर पुढची पिढी ब्रश खाली ठेवते.

व्यापारी समाजाला हे कार्य नवे नाही. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली. पण प्रत्येकास लाखाचे दान करणे शक्य नसते, आणि आवश्यकही नसते.

या रायगड जिल्ह्यातील पेण, हमरापूर, जोहे येथील गणेशमूर्तींचे कारखाने पाहावेत. नवखा मुलगा ओतकाम व घासकाम करतो, पुढे रंगकाम शिकतो आणि हात बसला की डोळ्यांची आखणी करू लागतो. आखणी करणाऱ्यास मान मोठा. परंतु तेथवर पोहोचेपर्यंतचे दिवस काढणे गरिबास जड जाते. त्या दिवसांत धर्मादाय संस्थेने दरमहा विद्यावेतन दिले, तर मुलगा मध्येच काम सोडून जाणार नाही. मूर्तिकाम असो, छायाचित्रण असो वा वस्त्रांवरील नक्षीकाम, नियम हाच आहे.

म्हणून मदत चार प्रकारची असावी: शिकण्याच्या काळात विद्यावेतन, कामाचे साहित्य, पहिली मागणी आणि कलाकृतीवर कलावंताचे नाव. त्यातही पहिली मागणी रोखीची असावी. नवोदिताचा माल जाकड ठेवून 'विकला तर पैसे' असे सांगणे ही मदत नव्हे. तो व्यापारातील धोका गरिबाच्या माथी मारणे आहे. लग्नपत्रिका, दिनदर्शिका, दुकानाची पाटी, समारंभाची सजावट ही कामे प्रत्येक घरी व पेढीवर निघतातच. त्यांतील एक जरी अशा हातांना योग्य दराने दिले, तरी आरंभ होईल.

सुगरणीचे अर्धे घरटे पारखणारे कोणी आले, म्हणजेच ते पूर्ण होते. किनाऱ्यावरील अशी कित्येक अर्धी घरटी आज पारख्यांची वाट पाहत आहेत.