मुळशीचं पाणी उजनीला येत नाही



आज इकडे येताना मी पळसदेवला थांबलो होतो. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की तिथलं जुनं देऊळ वर येतं. एरवी ते पाण्याखाली असतं आणि त्याच्या अंगणात खेळलेली माणसं वर, नव्या गावठाणात. लोणी देवकरच्या पंचक्रोशीत धरण म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणूनच दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या लोकलढ्यांवर बोला असं तुम्ही कळवलंत, तेव्हा मला चौरीचौरा किंवा दांडी आठवली नाही. आपल्याच जिल्ह्यातली मुळशी आठवली.

तिथली मुळा नदी पुण्याजवळ मुठेला मिळते, पुढे ती भीमेत येते आणि भीमा उजनीत. म्हणजे मुळशीच्या डोंगरावर पडलेला पाऊस मुळात तुमच्या वाटेचा. पण मुळशीला अडवलेलं पाणी उलट फिरतं. सह्याद्री उतरून ते कोकणात भिऱ्याच्या वीजघरात पडतं, वीज करून कुंडलिकेला मिळतं आणि समुद्राला जातं. धरण भरून सांडव्यावरून वाहील तेवढंच आपल्याकडे येतं. ही वीज हवी होती मुंबईच्या गिरण्यांना.

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. टाटांच्या कंपनीची माणसं मुळशी पेट्यात येऊन परवानगी न विचारता शेतात चर खणू लागली. सुमारे 52 गावं आणि 11 हजारांच्या आसपास माणसं धरणाच्या या योजनेच्या आड येत होती. जमीन कसली? आंबेमोहराची खाचरं, पिढ्यान् पिढ्या बांध घालून, गाळ धरून तयार केलेली. 16 एप्रिल 1921, रामनवमीचा दिवस. हजाराहून अधिक मावळे, बायका-मुलांसह, धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबलं. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. महिनाभरात कंपनीला सहा महिने काम बंद ठेवण्याचं कबूल करावं लागलं. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त या लोकांची बाजू घेऊन टाटांना फेरविचार करायला सांगितलं.

पण सहा महिने सरले आणि कंपनी परत आली. तिच्या हाती होता 1894 चा भूसंपादन कायदा. सार्वजनिक कामासाठी सरकारने जमीन घ्यावी, म्हणून केलेला. मुळशीकरांचा खरा सवाल इथेच होता: खाजगी कंपनीने गिरण्यांना विकायची वीज हे सार्वजनिक काम कसं? आणि ते तसं आहे हे ठरवताना ज्यांची चूल विझणार त्यांना विचारलं का? सहानुभूतीच्या भरात आपण या लोकांना ‘बिचारे’ म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. ते बिचारे नव्हते, त्यांच्याकडे मुद्दा होता, आणि शंभर वर्षांत त्या मुद्द्याला समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

लढा का मोडला हेही सांगायला हवं, कारण ते दुखणं आपल्याकडचंही आहे. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे होत्या. कसणारी कुळं वेगळी. सावकाराला जमीन गेली तर मोबदल्याचे पैसे मिळणार होते, कुळाला जमीन गेली की काहीच उरणार नव्हतं. नेतृत्व पुण्यातून आलेलं. त्यात मनापासून झटणारी माणसं होती. शंकरराव देव आणि विनायकराव भुस्कुटे हे तर तुरुंगातही गेले. पण मालकांचा कल मोबदल्याकडे झुकत गेला, तसा आधार सुटत गेला. अटकेत पुरुषांबरोबर बायकाही होत्या. एकेक माणूस तुरुंगात जात राहिला, भिंत वर चढत राहिली.

पारनेरचे पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात ‘सेनापती’ झाले. बाकी सगळे थकल्यावरही ते हटले नाहीत. डिसेंबर 1924 मध्ये मोजक्या साथीदारांसह त्यांनी धरणावर मजूर नेणारी रेल्वेगाडी अडवली. हातात शस्त्र होतं, गोळ्याही झाडल्या गेल्या. हा अहिंसेचा मार्ग नव्हता आणि मी त्याचं समर्थन करणार नाही. पण जो माणूस तीन वर्षं हात जोडून थांबला, त्याच्यावर ही वेळ कोणी आणली, हे विचारल्याशिवाय त्याचा निवाडा करू नये. त्यांना 7 वर्षांची शिक्षा झाली. धरण पुरं झालं.

आता आपल्याकडे या. उजनी उभी राहिली ती स्वराज्यात, आपण निवडून दिलेल्या सरकारच्या हातून. फरक मोठा आहे, तो मी कमी लेखत नाही. उजनीच्या पाण्यावर उभा असलेला ऊस येताना दोन्ही बाजूंना पाहिला. पण जमीन घ्यायला कायदा तोच, 1894 चा, तोच ‘सार्वजनिक प्रयोजन’ हा शब्द. इंग्रज गेल्यावरही तो सहासष्ट वर्षं चालू राहिला. 1 जानेवारी 2014 पासून त्याच्या जागी नवा कायदा लागू झाला. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला 1976 साली. तोवर तुमच्यापैकी कितीकांच्या घरी नोटिसा येऊन गेल्या होत्या! आज उन्हाळ्यात पाणी हटलं की आपल्याच बुडालेल्या जमिनीत गाळपेर करायला मुभा मागावी लागते.

मुळशीचं आज आपल्याला जे कळतं, ते भुस्कुट्यांनी पुस्तक लिहून ठेवलं आणि प्रा. राजेंद्र व्होरांनी त्याचा अभ्यास केला म्हणून. उजनीत घर सोडताना जी पंधरा-वीस वर्षांची होती, ती माणसं आज या सभामंडपात पुढच्या रांगेत बसली आहेत. त्यांच्या ट्रंकेत नोटीस असेल, मोबदल्याची पावती असेल, जुना सातबारा असेल. शाळेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: या सुट्टीत मुलांना वह्या देऊन त्यांच्याकडे पाठवा. बैलगाडीत काय भरलं, काय तिथेच ठेवावं लागलं, कोणी निघायला नकार दिला आणि का, एवढंच विचारू द्या. पुढच्या वर्षी याच मंडपात त्या वह्या वाचल्या जात असतील, तर मी ऐकायला येईन.